खिशातले अवजार

घरातून बाहेर पडताना माणसाने सोबत काय घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. किल्ल्या, रुमाल, चष्मा, थोडे पैसे आणि हल्ली मोबाईल, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. परंतु काही महिन्यांपासून आमच्या टेबलावर एक वस्तू पडून आहे आणि तिच्यामुळे हा प्रश्न आम्हाला रोज सकाळी नव्याने पडू लागला आहे. परदेशी असलेल्या भाच्याने भेट म्हणून दिलेले ते मल्टिटूल आहे. मिटल्यावर ते तळहातात मावते. उघडल्यावर त्यातून पक्कड, चाकू, दोन तऱ्हेचे पेचकस, कानस, छोटी कैची, डबा उघडण्याचे पाते आणि एक बारीक करवत अशी सारी मंडळी बाहेर पडतात. भाचा म्हणतो, “मामा, वेळेला ते घरी असून काय उपयोग?” आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, “इतकी वर्षे नव्हते, तेव्हा तुमचे काय अडले?” दोन्ही म्हणणी बिनतोड आहेत.

या वस्तूची वंशावळ मनोरंजक आहे. १८९१ साली स्वित्झर्लंडच्या इबाख गावातील कार्ल एल्सनर या चाकू बनवणाऱ्या कारागिराने आपल्या देशाच्या सैनिकांसाठी घडीचा चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात पाते होते, टोच्या होता, डबा उघडण्याची सोय होती आणि पेचकस होता. पेचकस एवढ्यासाठी की, सैनिकांना मिळालेली नवी बंदूक त्यावाचून खोलता येत नसे. १८९७ साली त्याचीच सुधारलेली आवृत्ती निघाली. १९०९ साली एल्सनरची आई वारली, तेव्हा त्याने आपल्या कारखान्याला तिचे व्हिक्टोरिया हे नाव दिले. बंदुकीच्या सेवेत जन्मलेली वस्तू आईच्या नावाने जगभर गेली, हे वाचून आम्हाला थोडे बरे वाटले. पक्कड मात्र या चाकूत नव्हती. १९७५ साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोप हिंडत होता. गाडी वरचेवर बिघडे, आणि खिशातला चाकू काढल्यावर दर वेळी त्याला वाटे की, याला पक्कड असती तर! ती जोडून वस्तू बाजारात आणायला त्याला १९८३ साल उजाडले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात अवजार बाळगून हिंडणे ही काही नवलाई नाही. धानाच्या कापणीच्या दिवसांत पहाटे बांधावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात विळा असतो. रानात जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपात कैची आणि तेंदूचे पान मापात कापण्यासाठी पत्र्याचा तुकडा ही जोडी हटकून सापडते. शेजारणीकडे बसायला जाताना त्या सूप घेऊनच जातात. वसईच्या आमच्या वाचकांना कमरेच्या आकडीला लटकवलेला कोयता आठवेल. पण या सर्वांत आणि टेबलावरच्या वस्तूत एक मोठा फरक आहे. विळा म्हणजे कापणी, कैची म्हणजे विडी; अवजार पाहिले की माणसाचे काम कळते. मल्टिटूलला असे काम नाही. ‘न जाणो’ हाच त्याचा धंदा. ते बाळगणारा माणूस सुतार नसतो, लोहार नसतो. काहीतरी मोडेल, काहीतरी अडेल, या अपेक्षेने तो घराबाहेर पडलेला असतो.

जुन्या गावगाड्यात ही ‘न जाणो’ची व्यवस्था माणसांत वाटून दिलेली होती. फाळ बोथटला तर लोहार, जू मोडले तर सुतार, चप्पल तुटली तर चांभार. बारा बलुतेदारांची हत्यारे बारा घरी. त्यांतले निम्मे तरी आमच्या भाच्याने आमच्या खिशात घातले आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि येथेच आमचे मन अडखळते. कारण अवजार दुसऱ्याच्या घरी असले की त्याच्या घरी जावे लागते. “पक्कड आहे का जी?” असे दारातून विचारावे लागते, आत या म्हटल्यावर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, मुलाच्या परीक्षेची आणि म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करावी लागते. पाच मिनिटांच्या कामाला तास जातो. त्या तासाला वाया गेलेला म्हणायचे की कमावलेला, यावर सारे अवलंबून आहे.

शुभवर्तमानात शिष्यांना गावोगाव पाठवताना वाटेसाठी काही घेऊ नये अशी आज्ञा आहे. भाकर नाही, झोळी नाही, पैसा नाही. काठीच्या बाबतीत मात्र शुभवर्तमानकारांचे एकमत नाही. मार्क काठीची परवानगी देतो. मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतात तीही नाही. पंडितांनी या भेदावर पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला त्यात शिरायचे नाही. रिकाम्या हातांनी निघालेल्याला कुणाचे तरी दार ठोठवावेच लागते आणि ते दार उघडण्याची संधी कुणाला तरी मिळते, एवढाच अर्थ आमच्या कामाचा. तरी काठीचा तो लहानसा मतभेद आम्हाला प्रिय आहे. वाटेवर पाय घसरतो, कुत्रे अंगावर येते, हे मार्कला ठाऊक होते असे वाटते.

मागण्याचे हे कौतुक येथेच थांबवले तर ते अर्धसत्य होईल. मागणे सर्वांना सारखे गोड नसते. ज्याला हक्काने दारातून हाक मारता येते, त्याने मागण्याचे गोडवे गावेत. ज्याला त्याच गावात अंगणाबाहेर उभे राहून मागावे लागले, त्याला विचारा. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले होते. गावाच्या दारोदार गोळा करायच्या धान्यावर जगणे म्हणजे माणसाला कायमचे मिंधे ठेवणे, हे त्यांनी ओळखले होते. ज्याच्या बापजाद्यांनी असे मागितले, त्याच्या नातवाने स्वतःची पक्कड घेतली आणि कुणाच्या दारी न जाता आपल्या सायकलीची साखळी आपण बसवली, तर त्या कृतीत जो ताठ कणा आहे त्याला आत्मकेंद्रीपणा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तेव्हा ‘मागावे की बाळगावे’ याचे उत्तर मागणारा कुठे उभा आहे यावरही ठरते. आमच्यापुरते सांगायचे तर आम्हाला आजवर कुणी अंगणात थांबवले नाही. म्हणून मागण्याची तालीम आम्ही सोडू नये, हे बरे.

आता व्यवहाराकडे वळतो. गेल्या उन्हाळ्यात पवनीच्या रस्त्यावर एका बाईचा पदर मोटारसायकलच्या चाकात गुरफटताना आम्ही पाहिला. गाडी थांबली, पण पदर गळ्याशी आवळला गेला होता. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला पाने कातरायची कैची घेऊन धावला. “गाडी हालवू नका जी!” असे ओरडत त्याने पदर कापला. तोवर सायकल दुकानातून पाना आला, कुणी पाण्याचा तांब्या आणला. बाई वाचली. भरल्या रस्त्यावर बाजार हीच एक मोठी अवजारपेटी असते, हे त्या दिवशी दिसले. पण तोच पदर दोन कोस पुढे, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या सुनसान रस्त्यावर, तिन्हीसांजेला अडकला असता तर? तेथे ठेला नाही, दुकान नाही. तेथे मागायचे कुणाला?

शिवाय खिशातली वस्तू जागा बदलली की जात बदलते. शस्त्र कायद्याला आमच्या या बोटभर पात्याचे काही वाटत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असले तर गोष्ट वेगळी. परंतु सणासुदीला किंवा तणावाच्या काळात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली आदेश निघाला की चाकूच काय, लाठीही बाळगता येत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कोका अभयारण्याच्या हद्दीत तर वन्यजीव कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चाकू हे हत्यारच आणि लेखी परवानगीवाचून ते आत नेणे गुन्हा. अलीकडे पेरूची फोड करणारे पाते, पलीकडे हत्यार. स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांत लोखंडी अवजाराची ठिणगीसुद्धा घातक, म्हणून तेथे पितळेसारख्या, ठिणगी न पाडणाऱ्या धातूंची अवजारे वापरतात. आणि माणसाचे मन? पाते खिशात असले की भांडणात हात खिशाकडे जाणारच नाही, अशी खात्री तरुण रक्ताच्या माणसाने द्यावी काय? आमच्या वयाला हा धोका कमी. तरी रिकामी कात्री चालवू नये, भांडण होते, असे आजी का सांगत असे, ते आता थोडे कळते.

सर्वांत अवघड गोष्ट आम्ही मागे ठेवली होती. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा अर्भके दगावली, सात वाचवता आली. त्यानंतर कितीतरी दिवस गावात दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांत अनेकांनी आपल्या घरी काय काय आणून ठेवावे याच्या याद्या केल्या: टॉर्च, दोर, आग विझवण्याचा लाल डबा. त्या याद्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. भेदरलेला माणूस हाताला येईल ते करतो. पण पुढे हळूहळू याद्याच उरल्या आणि आपल्या शाळेत, सभागृहात, दवाखान्यात आग विझवण्याची सोय आहे काय, बाहेर पडायची दारे मोकळी आहेत काय, हे विचारणारे कमी झाले. खिशातले अवजार बाळगण्यातला खरा मोह हा आहे, असे आम्हाला वाटते. आपल्यापुरती तजवीज झाली की सर्वांच्या तजविजीची चौकशी करण्याची गरज वाटेनाशी होते. दहा मातांच्या त्या रात्री कुणाच्या खिशात काय होते, याने काहीही फरक पडला नसता. तेथे जे हवे होते ते भिंतीवर, छतात, दारात आणि कुणाच्या तरी कर्तव्याच्या वहीत असायला हवे होते. आणि ते आहे की नाही हे विचारायला पक्कड लागत नाही.

असो. आमचा निर्णय झाला आहे, तो सांगतो. ते मल्टिटूल आता आमच्या खिशात नसते, प्रवासाच्या पिशवीत असते. गावात, बाजारात, चर्चला जाताना ते घरी राहते. पिशवी घेऊन तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या वाटेला लागलो की ते सोबत येते. कुणी मागितले तर पाते मिटून, हातात न देता समोर ठेवून द्यायचे आणि त्याने उचलायचे, ही जुनी रीत आम्ही पाळतो. शेजारच्यांची पक्कड मात्र आम्ही मागतच राहू. आगीच्या प्रश्नावर तीन ठिकाणी चौकशीची पत्रे दिली आहेत. एका ठिकाणचे उत्तर आले, दोन ठिकाणी पुन्हा जावे लागेल. राहता राहिला विमानाचा प्रश्न. तेथे पाते जवळ बाळगून बसू देत नाहीत, त्यामुळे नागपूरहून कधी उडायची वेळ आली तर ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकावे लागेल, नाहीतर घरी ठेवावे लागेल. ती वेळ आमच्यावर फारशी येत नाही.