तारुण्य, धन आणि विद्येचा हिशेब



छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मराठवाड्याच्या गावोगावची मुले शिकतात. शेअर बाजार शिकावा काय, असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला, तर नुसते रागावून भागत नाही. उत्तर द्यावे लागते.

इस्लामने व्यापाराला हीन मानलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन सीरियाचा प्रवास केला. भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे, नफ्यात वाटा दोघांचा. शेअर म्हणजेही मुळात कंपनीतील भागीदारीच. म्हणून ताळेबंद वाचायला शिकणे, मद्य, जुगार व व्याजाच्या धंद्यातील आणि व्याजी कर्जात बुडालेल्या कंपन्या ओळखून टाळणे, ही उपयुक्त विद्या आहे. मुंबई शेअर बाजाराने २०१० मध्ये शरीअतच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांकही सुरू केला.

परंतु निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये कोणत्याही कंपनीची मालकी हाती येत नाही. ठरलेल्या दिवसापर्यंत आकडा कुठे जाईल, यावर पैसा लागतो आणि एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा ठरतो. जुगारात काही लाभ आहे, हे पवित्र कुरआनने नाकारलेले नाही. मात्र त्यातील पाप लाभाहून मोठे असल्याचे बजावले आहे (२:२१९). सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समधील दर शंभर वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ जणांना तोटा झाला. तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. २०२३-२४ मध्ये त्यांतील ४३ टक्के लोक तीस वर्षांखालील होते.

तरुण मित्रांनो, तारुण्य कशात घालविले, धन कोठून मिळविले व कोठे खर्च केले, विद्येचे काय केले, याचा जाब दिल्यावाचून कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल हलणार नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (तिर्मिजी). आईवडिलांनी पाठविलेली फी ही तुमच्याकडील अमानत आहे. ती डावावर लावण्याचा हक्क तुम्हाला नाही. तोटा झालाच असेल, तर तो भरून काढण्यासाठी व्याजी कर्ज घेऊ नका. आज रात्रीच वडिलांना सांगा.

आणि पालकहो, त्या रात्री आवाज चढवू नका. मुलगा खरे बोलला, ही परतीची पहिली पायरी आहे.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल उपजीविका व समाधान देवो. आमीन.