पडद्यांची पातळी

एखाद्या कामातील दोष ज्या जागी उघड होतो त्याच जागी तो असतो, असे आपण सहजच धरून चालतो. शासकीय सेवेत तीसहून अधिक वर्षे काढताना आम्हीही तसेच धरून चाललो होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या नातवाने घरी आणलेल्या एका खोक्याने ही समजूत डळमळीत केली. म्हणून हा प्रपंच.

खोक्यात एक सुटी बेस गिटार होती. म्हणजे धड वेगळे, दांडी वेगळी, चार खुंट्या, घोडी, चुंबकांच्या दोन पेट्या, तारा आणि स्क्रूंची पुडी. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, साध्या गिटारीपेक्षा जाड तारांचे, खर्जात बोलणारे असे हे विजेवरचे वाद्य आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली ते ज्या रूपात बाजारात आणले त्यात दांडी धडाला स्क्रूने जोडलेली होती. आज कोणीही घरी बसून हे वाद्य जोडू शकतो, त्याचे मूळ त्या सोयीत आहे. तारेची बोलती लांबी ३४ इंच, दांडीवर धातूचे २० पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकविता येतात. इथे मात्र ते लाकडात खाच पाडून कायमचे ठोकलेले. ज्या धातूचे ते असतात त्याला ‘निकेल सिल्व्हर’ म्हणतात आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. तांबे, जस्त आणि निकेल. आपल्या जुन्या घरांतून जर्मन सिल्व्हरची तबके नि अत्तरदाण्या असत, तोच हा प्रकार.

खासबागेतील आमच्या घराच्या मागच्या पडवीत, पलीकडल्या गल्लीतील यंत्रमागांच्या खडखडाटात, आठवड्याभरात गिटार उभी राहिली. “आजोबा, मी गिटार बनवली,” असे चिरंजीव सर्वांना सांगू लागले. लाकूड कापले दुसऱ्याने, खाचा पाडल्या यंत्राने, याने स्क्रू पिळले. मग ‘बनवली’ हे क्रियापद त्याला शोभते काय, असा आम्हांस प्रश्न पडला. परंतु तो आम्ही फार ताणला नाही, कारण वाजवू लागताच गिटार घरघरू लागली आणि खरे बनविणे त्या क्षणापासून सुरू झाले.

घरघर होती दुसऱ्या तारेवर, सहाव्या पडद्यावर बोट ठेवले की. नातवाने सहावा पडदा तपासला, पुसला, पुन्हा तपासला. आम्हीही भिंगातून पाहिला. आमचा निर्णय झाला: सहावा पडदा खराब, तो घासावा. नशिबाने कानस हाती घेण्यापूर्वी त्याने थोडे वाचले आणि आमचे दोघांचेही अज्ञान उघडे पडले. बोट सहाव्यावर असते तेव्हा तार सहाव्यापासून घोडीपर्यंत कंप पावते. तिच्या खाली असतात सातवा, आठवा आणि पुढचे सारे पडदे. यांपैकी सातवा जरासा उंच असला, कागदाच्या जाडीइतका का होईना, की कंपणारी तार त्याला चाटते आणि घरघर निघते. दोष सातव्याचा, बदनामी सहाव्याची. आम्हांस स्तब्ध करणारी गोष्ट तर याच्या पुढची आहे. त्याच सातव्यावर बोट ठेवा. तो अगदी स्वच्छ बोलतो! कारण आता तार त्याच्यावरच टेकलेली असते आणि पुढचे पडदे त्याच्यापेक्षा खाली असतात. जो बिघाड करतो तो स्वतः निर्मळ वाजतो. बिघाड ऐकू येतो तो त्याच्या अलीकडच्या शेजाऱ्याकडून.

हे शोधण्याचे साधन अगदी साधे आहे. बिनचूक सरळ कडेची एक लहानशी पोलादी पट्टी लागते. नातवाने ती उद्यमबागेतील एका कारखान्यातून घासून आणली. ती एकदम तीन पडद्यांवर ठेवायची. डुगडुगली तर मधला उंच. दोन पडद्यांवर ठेवून काहीच कळत नाही, कारण कोणत्याही दोहोंवर पट्टी स्थिर बसते. दोघांच्या तक्रारीत तिसऱ्याला बोलाविल्याखेरीज उंचसखल ठरत नाही, हे आम्ही चौकश्या करीत होतो तेव्हा कोणी सांगितले असते तर!

इथे आम्हांस एक जुने प्रकरण सांगणे भाग आहे. आम्ही तालुक्याच्या एका कचेरीत प्रमुख असताना जमिनीच्या उताऱ्यांत क्षेत्र चुकीचे येते अशा तक्रारी आल्या. चुकलेले उतारे सारे एकाच टेबलावरून, एका तरुण नकलनविसाच्या हातून गेलेले होते. त्याच्या शेजारी जे वडीलधारे कारकून जुन्या नोंदवहीवरून नवी तयार करीत, त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि पानोपानी बेरीज जुळलेली. त्यांचे दप्तर आम्ही तपासले, ते स्वच्छ निघाले. तरुणाला कारणे दाखवा नोटीस दिली. “साहेब, मी वहीत होते तेच लिहिले,” एवढेच त्याने उत्तर दिले. ते आम्हांस उडवाउडवीचे वाटले. त्याची एक वेतनवाढ रोखली.

दोन वर्षांनी, आमची बदली झाल्यावर, एका दिवाणी दाव्यात जुनी वही निघाली. वडीलधाऱ्या कारकुनांनी लगतच्या सर्व्हे नंबरांची क्षेत्रे कित्येक ठिकाणी एकमेकांच्या जागी लिहिली होती. बेरीज अर्थातच जुळत होती. ही हकिकत कानी आली त्या दिवशी आम्ही वरिष्ठांना एक पत्र लिहू शकलो असतो. लिहिले नाही. आमचीच चौकशी उतावीळ ठरली असती, हे एकच कारण. दुसरे सांगितले तर ते खोटे होईल. पुढे बढतीच्या यादीत त्या तरुणाचे नाव मागे राहिल्याचेही कळले.

कोणी म्हणेल, घरघर हा मुळात दोषच आहे काय? प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे ती मुद्दाम निर्माण करतात. बेळगावाहून फार दूर नसलेल्या मिरजेत फरीदसाहेब यांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर घोडीचा माथा अशा बेताने घासतो की तार तिला चाटत राहावी. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ती नेमकी जागा पकडतात आणि त्या गुंजनाला जवारी म्हणतात. तारेचे चाटणे दोन्हीकडे तेच. एकीकडे तो वाद्याचा प्राण, दुसरीकडे व्यंग. तेव्हा घरघर वाईट म्हणून वाईट नव्हे. पण जिच्यासाठी जागा राखलेली नाही ती, आणि जिचा आळ भलत्यावर जातो ती, वाईटच. त्या कचेरीतील आमच्या शांत, जुळलेल्या बेरजांपेक्षा थोडी मोकळी घरघर बरी होती, असेही आता वाटते.

वाद्यांच्या या सूक्ष्म हिशेबात पडलेले आम्ही पहिले निवृत्त सरकारी नोकर नव्हेत. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. ती विद्वत्ता आमच्या ठायी नाही. आमच्याकडे होती ती कानस.

उंच पडदा सापडला की त्याचे काय करावे? तीन वाटा आहेत. पहिली, सर्वांत सोपी: घोडीवर तारा वर उचलायच्या. घरघर थांबते, पण मग वाजविणाऱ्याला प्रत्येक स्वरासाठी अधिक जोर लावावा लागतो, बोटे दुखतात, स्वरही किंचित चढतो. एका कारकुनाच्या चुकीपायी साऱ्या जनतेकडून दोन जादा दाखले मागण्याचे परिपत्रक आम्ही स्वतः काढलेले आहे; ती हीच वाट. दुसरी वाट सपाटीकरणाची. आधी दांडीच्या पोटातील पोलादी सळई पिळून दांडी सरळ करतात, मग पडद्यांच्या माथ्यांना काळी शाई लावून लांब सपाट कानस सर्वांवरून फिरवितात. शाई जिथे राहिली तो पडदा खालचा. त्याची शाई पुसली जाईपर्यंत बाकीच्या एकोणिसांनी झिजायचे! समतेचा हा प्रकार आम्हांस प्रथम अन्यायाचा वाटला. एकाच्या उणिवेसाठी सर्वांनी का उतरावे? परंतु पडदा खाली घासता येतो, वर वाढविता येत नाही. आणि पातळी ही कोणा एका पडद्याची मालमत्ता नव्हे, ती सर्वांची मिळून असते. नातू म्हणाला, “आजोबा, केसाएवढंच तर घासायचंय.” तेही खरे. त्यानंतर सपाट झालेला प्रत्येक माथा पुन्हा गोल करावा लागतो, मग चारशेपासून दोन हजार नंबरापर्यंतचा पॉलिशकागद, मग टोके बोचू नयेत म्हणून कडा मोडणे. वीस पडद्यांना आम्हां दोघांच्या पाच संध्याकाळी गेल्या.

तिसरी वाट मात्र या दोन्हींच्या आधीची आहे. उंच दिसणारा पडदा खरोखर उंच आहे, की केवळ खाचेत पुरता बसलेला नाही? लाकडाच्या ठोकळ्याने दाबून पाहावा. हलला तर लहान हातोडीने हलकेच बसवावा. कानशीची गरजच नाही. न पाहता घासला तर आज पातळीत येतो आणि पुढे कधी खाचेत उतरला की खड्डा होतो. मग शेजारचे निर्दोष पडदे उंच ठरू लागतात. आमचा सातवा पडदा असाच निघाला. दोन ठोक्यांत बसला.

त्या वडीलधाऱ्या कारकुनांना, आता आठवते, नवा नमुना कोणी समजावून दिला नव्हता. जुन्या वहीतील रकान्यांचा क्रम निराळा होता. ते काम आमचे होते.

गिटार आता सहाव्यावरही नीट बोलते. नातू तिच्यावर रात्री काय वाजवितो ते आम्हांस कळत नाही. भिंतीतून फक्त खर्ज येतो. त्या नकलनविसाचा निपाणीचा पत्ता एका जुन्या सहकाऱ्याकडून आम्ही मिळविला आहे. तोही आता निवृत्त आहे. पत्राचा मजकूर तीनदा लिहिला. तिन्ही वेळा त्यात आमच्या अडचणींचा परिच्छेद पहिला आला, म्हणून फाडला. चौथा कागद टेबलावर आहे.