सोबतीचा हक्क

सूरह मरयममध्ये प्रसववेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरयम खजुरीच्या बुंध्याशी एकट्याच येतात. तेथे त्यांना आधी दिलासा मिळतो, मग झऱ्याचे पाणी, मग ताजे खजूर. बुंधा मात्र त्यांनाच हलवावा लागतो. सोबतीचा अर्थ आम्हाला इथे उमगतो. कळा वाटून घेता येत नाहीत, एकटेपण वाटून घेता येते.

शहरांत आता 'डूला' आली आहे. ती औषध देत नाही, तपासतही नाही. गरोदरपणी मनाची तयारी करून घेते, कळांच्या वेळी कंबर चोळते, धीर देते, पुढे बाळाला अंगावर पाजायला मदत करते. अखंड सोबतीने सिझेरियनचे प्रमाण घटते, असे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले.

पैसे घेऊन माया कसली, असे काही जण विचारतात. मोहल्ल्यातील दाईलाही 'सवाब मिळेल' असे सांगून समाजाने तिची मजुरी टाळली. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण मग कोणासाठी होती?

पण ज्यांच्यापाशी पैसे नाहीत, त्यांचे काय? २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक अनुभवी स्त्री सोबत असू द्यावी, अशी सूचना काढली. ती सोबत मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. दार बंद असेल तर ते ठोठावणे आणि घरी आल्यावर चाळीस दिवस त्या बाईचा भार उचलणे, हे आम्ही कुटुंबाचे फर्ज मानतो.