माणसांची अदलाबदल

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरदाच्या अखेरीस संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास खेळाडू पुन्हा सरावासाठी जमेपर्यंत तेथील मैदाने ओस पडलेली असतात. पण खेळ थांबला म्हणून खेळाची चर्चा थांबत नाही. किंबहुना थंडीच्या या तीन-साडेतीन महिन्यांत तिला विशेषच रंग चढतो. पूर्वी लोक तापलेल्या शेगडीभोवती बसून ही चर्चा करीत, त्यावरून या हिवाळी गप्पांस तिकडे शेगडीचेच नाव पडले. शेगड्या गेल्या, नाव राहिले, आणि विषयही तोच राहिला: आपल्या संघाने कोणता खेळाडू द्यावा आणि त्याच्या बदली कोणता घ्यावा?

या चर्चेत आउटफील्डरांची नावे वारंवार येतात. मैदानाच्या दूरच्या भागात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे जे तीन क्षेत्ररक्षक उभे असतात, त्यांस हे नाव आहे. मधल्याचे पाय चपळ हवेत, उजव्याचा हात लांबच्या फेकीस बळकट हवा, आणि बाजूंच्या दोघांकडून फलंदाजीची अपेक्षा अंमळ अधिक केली जाते. एखाद्या संघाकडे असे चार उत्तम गडी असतात, पण चेंडू टाकणारे दुबळे असतात. दुसऱ्या संघाची स्थिती नेमकी याच्या उलट असते. अशा वेळी देवघेव सुचावी हे स्वाभाविकच आहे. मग कोणाचे वय किती, कोणाचा करार किती वर्षे उरला आहे, कोणाचा गुडघा दुखरा आहे, याचा हिशेब मांडण्यात सुज्ञ माणसांच्या रात्री जातात.

या हिशेबाच्या व्यावहारिक बाजूविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले ते त्याच्या व्याकरणाने. ‘त्यास देऊन टाका’, ‘यास घ्या’, ‘त्या दोघांच्या बदली हा एक आणा’, अशा या वाक्यांत माणूस नेहमी कर्माच्या जागी असतो, कर्त्याच्या जागी कधीही नसतो. काही सौद्यांत तर ‘ज्याचे नाव पुढे कळविण्यात येईल असा एक खेळाडू’ अशीही नोंद असते. ज्यास अजून नावदेखील मिळालेले नाही, त्याची देवघेव आधीच पक्की झालेली असते! मनुष्याची अशी अदलाबदल करणे, आणि ती आवडीने चर्चिणे, कितपत योग्य आहे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

या व्यवहाराचा इतिहास बहुधा नफातोट्याच्या भाषेत सांगितला जातो. बेब रूथ हा बोस्टन संघाचा खेळाडू. १९१९ साली त्याने २९ होमरन करून नवा उच्चांक केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मालकाने त्यास न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकून टाकले. पुढच्याच वर्षी त्याने ५४ होमरन केले. बोस्टनला मात्र १९१८ नंतरचे अजिंक्यपद थेट २००४ साली लाभले. फ्रँक रॉबिन्सन या आउटफील्डरास सिनसिनाटी संघाने १९६५ च्या डिसेंबरात बाल्टिमोरकडे पाठविले. तो तेव्हा तिशीचा होता आणि त्याचा उतार सुरू झाला, अशी मालकाची समजूत होती. १९६६ साली त्याच रॉबिन्सनने फलंदाजीच्या तिन्ही मुख्य मोजमापांत आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि बाल्टिमोर अजिंक्य ठरले. या कथा सांगताना लोक विचारतात की कोण फसला आणि कोणाचे फावले. पण ‘कोण’ या सर्वनामाने ते दोन संघांचाच निर्देश करीत असतात. ज्याची देवघेव झाली, तो या वहीत फक्त एक रक्कम असतो.

ही रक्कम एकदा बोलू लागली. त्या खेळाडूचे नाव कर्ट फ्लड. सेंट लुइस संघाच्या मैदानाचा मध्य त्याने बारा हंगाम राखला, आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक १९६३ पासून ओळीने सात वर्षे मिळविले. १९६९ च्या ऑक्टोबरात त्यास एके दिवशी दूरध्वनीवरून कळविण्यात आले की, इतर तिघांसह तुमची फिलाडेल्फिया संघाकडे रवानगी झाली आहे. त्याचे घर, त्याचे व्यवसाय, त्याचे स्नेही सारे सेंट लुइसमध्ये होते. पण त्याची तक्रार केवळ एवढीच नव्हती. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलच्या आयुक्तांस पत्र लिहून कळविले की, आपली इच्छा न विचारता आपणांस विकावे अथवा विकत घ्यावे, अशी आपण कोणी वस्तू नव्हे. इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा हक्क आपणांस असला पाहिजे. आयुक्तांनी ती मागणी नाकारली आणि फ्लड न्यायालयात गेला.

त्याच्यावर तेव्हा जे आक्षेप घेण्यात आले, ते उडवून लावण्यासारखे नव्हते. पहिला आक्षेप पैशाचा. वर्षास ९० हजार डॉलर मिळविणाऱ्याने गुलामगिरीची भाषा बोलावी काय? फ्लडचे म्हणणे होते की, भरपूर पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच. शब्द जहाल खरा. पण बोलणारा मनुष्य कृष्णवर्णीय होता, आणि ज्या देशात १८६५ पर्यंत माणसांच्या विक्रीस कायद्याचा आधार मिळत होता, त्या देशाचा नागरिक होता, हे विसरता कामा नये. त्याच्या उपमेत अतिशयोक्ती आहे असे मानले तरी तिच्यातील तर्क खोटा ठरत नाही. पगार हा श्रमाचा मोबदला होय; तो संमतीचा मोबदला नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. सरकारी नोकरांच्या बदल्या होतात, शिक्षकांच्या होतात, बँकेतल्या कारकुनांच्याही होतात. बिऱ्हाड पाठीवर घेऊन या गावाहून त्या गावी जाण्यात आपल्या कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या. मग एका खेळाडूनेच एवढा कांगावा का करावा? परंतु येथे एक भेद आहे. बदली नको असलेला शिक्षक राजीनामा देऊन दुसऱ्या शाळेत शिकवू शकतो. बेसबॉलमध्ये १८७९ पासून चालत आलेल्या राखीव कलमाने खेळाडूचा करार संपला तरी त्याजवरील संघाचा हक्क संपत नसे. त्याने सेंट लुइस सोडावे अथवा फिलाडेल्फिया नाकारावे, तिसऱ्या कोणत्याही संघाचे दार त्यास उघडे नव्हते. त्यास एकच स्वातंत्र्य उरत होते, ते म्हणजे ज्या विद्येत त्याने आयुष्य वेचले, ती टाकून देण्याचे. यास स्वातंत्र्य म्हणणे म्हणजे बुडणाऱ्यास नावेतून उतरण्याची मोकळीक आहे असे म्हणण्यासारखेच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. हे बंधन नसेल तर श्रीमंत शहरांचे संघ सारे चांगले खेळाडू उचलून नेतील आणि लहान शहरांत खेळ उरणार नाही. खेळात चुरस राहणे हे खरोखरच सर्वांच्या हिताचे आहे, आणि सार्वजनिक हितासाठी व्यक्तीने काही सोसावे, हे आम्हांसही मान्य आहे. पण हे ओझे कोणी वाहावयाचे? मालक आपला संघ हव्या त्या किमतीस विकू शकत होता, शहर सोडून दुसऱ्या शहरी नेऊ शकत होता. चुरशीचा सारा भार एकट्या खेळाडूच्या खांद्यावर होता, आणि तो ठेवताना त्यास विचारलेही नव्हते. ज्या त्यागाची मागणी दुसऱ्याकडूनच केली जाते, त्यास सोय म्हणावे. त्याग म्हणू नये.

कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली जो भेद सांगितला, तो येथे उपयोगी पडतो. ज्या गोष्टीच्या ठिकाणी तोलामोलाची दुसरी गोष्ट ठेवता येते तिला किंमत असते. जिच्या ठिकाणी दुसरे काहीच ठेवता येत नाही तिला प्रतिष्ठा असते. फ्लड फिलाडेल्फियास गेला नाही, तेव्हा सेंट लुइसने १९७० साली विली मोन्टान्येझ नावाचा एक तरुण खेळाडू भरपाईदाखल त्या संघास दिला. खेळाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही; मैदानावरची जागा रिकामी राहू शकत नाही, आणि एकाच्या जागी दुसरा उभा राहतो म्हणूनच खेळ चालतो. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. अदलाबदल जागेची होते, माणसाची होत नाही. माणूस आणि जागा यांस जोडणारा पूल म्हणजे त्या माणसाची संमती. तो पूल काढून घेतला की जागेबरोबर माणूसही विकला जातो.

न्यायालयात काय झाले ते पाहिले म्हणजे द्यूतसभेतील द्रौपदीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिने दया मागितली नव्हती. प्रश्न विचारला होता. मला पणास लावण्याचा अधिकार लावणाऱ्यास होता काय? आणि सभेतील सर्वांत ज्ञानी पुरुषाने धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय टाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९७२ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडचा दावा फेटाळला. बेसबॉलला व्यापारविषयक कायद्यातून मिळालेली सूट १९२२ च्या निकालापासून चालत आली होती. ती विसंगत आहे हे न्यायालयाने स्वतःच कबूल केले. पण ती दूर करावयाची तर विधिमंडळाने करावी, असे सांगून हात आवरला. त्या निकालपत्राच्या आरंभी जुन्या नामांकित खेळाडूंची ऐंशीहून अधिक नावे मोठ्या प्रेमाने दिली आहेत. खेळावरचे प्रेम आणि खेळाडूस न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही मिळणार नाही.

फ्लडच्या बाजूने साक्ष देण्यास जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त पुरुष आले. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीस उभा राहिला नाही. त्यांच्या संघटनेने खर्च दिला, पण त्यांपैकी कोणी जोखीम उचलली नाही. फ्लडने १९७० चा संपूर्ण हंगाम सोडला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी अवघे तेरा सामने खेळून तो निघून गेला. फळ मात्र इतरांस मिळाले. १९७३ च्या करारान्वये दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूस आपली अदलाबदल नाकारण्याचा अधिकार लाभला. १९७५ च्या डिसेंबरात लवादाने राखीव कलमाची पकड मोडली. आणि पुढे सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मुक्त होऊ लागला. खेळ बुडाला नाही.

या बदलाचा अर्थ समजण्यास हुआन सोटो या आउटफील्डराचे उदाहरण पुरेसे आहे. २०२२ साली वॉशिंग्टनने त्यास सान डिएगोकडे दिले. २०२३ च्या डिसेंबरात सान डिएगोने यांकीजकडे दिले. २०२४ च्या हंगामानंतर तो मुक्त झाला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाशी पंधरा वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरांचा करार करून गेला. तिन्ही वेळा घडले ते एकच: एक मनुष्य एका संघातून दुसऱ्या संघात गेला. पण पहिल्या दोन वाक्यांत तो कर्म आहे, तिसऱ्यात कर्ता. रक्कम वगळली तरी हा फरक उरतो. तोच नीतीचा फरक होय. अर्थात सोटोसारख्यास सहा वर्षे वाट पाहावी लागते, तोपर्यंत जुनेच व्याकरण चालते.

हा प्रश्न आपणांपासून फार दूर आहे असेही नाही. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला. या लिलावात खेळाडू आपले नाव आपखुशीने देतो, ही मोठी गोष्ट खरी. पण कोणत्या संघात जावयाचे हे तो ठरवीत नाही, आणि घरोघरी चर्चा होते ती ‘तो कितीस गेला’ एवढ्याचीच.

मग चर्चा करूच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. संघावर प्रेम करणारा त्याच्या बांधणीचा विचार करणारच, आणि हिवाळ्याच्या लांब रात्री कोणत्या तरी गोष्टीने भराव्याच लागतात. मात्र मांडलेल्या प्रत्येक सौद्याखाली एक प्रश्न अधिक लिहावा: त्यास विचारले काय? या प्रश्नाने कोणताही संघ दुबळा होणार नाही. १९९८ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची ती जुनी सूट काढून घेतली आणि त्या कायद्यास कर्ट फ्लडचे नाव दिले. फ्लड त्याच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीतच निवर्तला होता.