तिसरा दोष

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात शिरले की मी आधी तवा पाहते, मेनूकार्ड नंतर. सिलिअॅकचं निदान झाल्यापासून गहू, जव आणि राय मला वर्ज्य. लोक म्हणतात, "मग काय, इडली-डोसा आहेच की!" तांदूळ आणि उडीद, त्याबद्दल वाद नाही. पण रवा डोशाच्या पिठात रवा आणि मैदा असतो, आणि तो उतरला की त्याच तव्यावर पाणी शिंपडून, झाडूचे दोन फटकारे मारून माझा साधा डोसा पसरतात. सांबारात हिंग, आणि बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ. मेदूवड्याच्या तेलात आधी मैद्याची मंगळुरी भजी तळून झालेली.

हे सांगायला गेलं की अण्णा दुखावतात. "मॅडम, आपल्याकडे कांदा-लसूणसुद्धा नाही. एकदम शुद्ध!" आणि ते खोटं बोलत नसतात. उडुपीच्या कृष्णमठाभोवती वाढलेल्या स्वयंपाकाची ती शुद्धता आहे. माझ्या शुद्धतेशी तिची ओळख नाही, एवढंच.

शाळेत संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे असल्या वेळी डोकं पोथीकडे धावतं. आहार शुद्ध तर मन शुद्ध, असं छांदोग्य उपनिषद मानतं. शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले विषय असा अर्थ लावला. थोरच, पण हॉटेलात निरुपयोगी. रामानुजाचार्यांचं लक्ष ताटातल्या अन्नावर. त्यांच्या श्रीभाष्यात अन्नाचे तीन दोष येतात. जातिदोष मूळ पदार्थातच असतो. केस, खरकटं असलं काही पडून लागतो तो निमित्तदोष. आणि अन्न कुणाचं, कुणाकडून आलं, यावरून आश्रयदोष.

रवा डोसा म्हणजे जातिदोष. त्याच्या तव्यावरचा साधा डोसा म्हणजे निमित्तदोष, आणि तोही किती सूक्ष्म! ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. माझ्या आजीचं सोवळंसुद्धा इतकं कडक नव्हतं.

तिसऱ्या दोषाचा मात्र माझ्या आतड्यांना पत्ताच नाही. पीठ कुणी वाटलं, पळी कुणाच्या हातात होती, तो कुठल्या जातीचा, काही फरक पडत नाही. आणि आपण पिढ्यानपिढ्या सर्वांत जास्त जपला तो हाच दोष! १९५७ साली मद्रासमध्ये एका हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढायला लावण्यासाठी पेरियारांना आंदोलन करावं लागलं. खुद्द रामानुजांची कथा सांगतात. ब्राह्मणेतर तिरुक्कच्ची नंबींना त्यांनी जेवायला बोलावलं, त्यांचं उच्छिष्ट आपल्याला प्रसाद म्हणून मिळावं या आशेने. रामानुज घरी पोचायच्या आत पत्नीने नंबींना वाढलं, जागा शुद्ध केली आणि नवा स्वयंपाक मांडला. रामानुजांना ते फार लागलं.

भाव शुद्ध असला की सगळं शुद्ध, हे विदुराच्या कण्यांचं तत्त्वज्ञान मला देवापुरतं मान्य आहे. (त्या कण्या गव्हाच्या होत्या की कशाच्या, हे एकाही कीर्तनकाराने सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) अण्णांचा भाव बावनकशी असला तरी हिंगातलं पीठ जात नाही.

तरीही तिसरा दोष मला पुरता मोडीत काढता येत नाही. मुदपाकखाना मला दिसत नाही. मी जेवते ती कुणाच्या तरी शब्दावर. तेव्हा अन्न कुणाकडून आलं याची चौकशी मीही करतेच, फक्त जन्माची नाही, खरेपणाची. न विचारता "सगळं चालतं मॅडम, बिनधास्त खा" म्हणणाऱ्याच्या हातचं मी पाणीसुद्धा घेत नाही.

एका अण्णांनी मात्र "विचारून सांगतो" म्हणून आतून हिंगाची डबीच आणली. मागचं बारीक अक्षर दोघांनी मिळून वाचलं. गव्हाचं पीठ होतंच. "मग सांबार नको," ते म्हणाले, "चटणी फोडणीशिवाय देतो. इडली वाफेवरची आहे, तव्याचा संबंध नाही." मी दोन प्लेट मागवल्या.