विद्येचे ऋण आणि बँकेचे ऋण

पदवी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येक घरांत एकच विचार सुरू होतो. मुलाला अथवा मुलीला शिक्षक व्हावयाचे आहे, त्यासाठी बी. एड. करणे अवश्य आहे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क पदरच्या पैशांत भागत नाही. मग बँकेचे कर्ज काढावे की न काढावे? या प्रश्नावर घरातील मंडळींत सहसा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, विद्यादानासारख्या पवित्र कार्यात पै-पैचा हिशोब पाहणे शोभत नाही. दुसरा म्हणतो, पगार किती मिळणार ते आधी सांगा, बाकीचे नंतर पाहू. आमच्या मते हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत.

ऋण हा शब्द आपल्या धर्माला परका नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे जन्मासोबतच येतात, हा विचार थेट तैत्तिरीय संहितेपर्यंत मागे जातो. यांपैकी ऋषिऋणाची रीत निराळी आहे. ज्याने दिले त्याला ते परत करावयाचे नसते. स्वतः अध्ययन करून पुढच्या पिढीला देणे हीच त्याची फेड. या दृष्टीने शिक्षक होणे म्हणजे ऋणमुक्तीचाच मार्ग होय. बँकेचे ऋण मात्र ज्याचे त्यालाच, ठरल्या तारखेला आणि व्याजासह द्यावे लागते. कर्ज काढून शिक्षक होणाऱ्याच्या शिरावर ही दोन्ही ऋणे एकदम येतात. आणि दुसऱ्याच्या हप्त्याची चिंता जर रात्रंदिवस लागून राहिली, तर पहिले ऋण फेडण्यास लागणारे स्वस्थ चित्त त्याने आणावे कोठून?

म्हणून हिशोब हा मांडलाच पाहिजे. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे दोन लाखांचे कर्ज शेकडा १० दराने घेतले. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष यांचे सरळ व्याज धरता फेडीच्या आरंभी रक्कम अडीच लाख होते. ती पाच वर्षांत फेडावयाची तर दरमहा सुमारे ५,३०० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण ३ लाख १८ हजारांहून अधिक भरावे लागतात. शिवाय २०१५ पासून हा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. त्या दोन वर्षांत तोच पदवीधर दरमहा १५,००० रुपयांची नोकरी करता, तर ३ लाख ६० हजार मिळवता. म्हणजे सर्वांत मोठा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो!

आता जमेची बाजू पाहू. गुजरात सरकारने २०२३ मध्ये आरंभिलेल्या ज्ञान सहायक योजनेत माध्यमिक शाळेसाठी दरमहा २४,००० रुपये मानधन ठरले आणि करार अकरा महिन्यांचा ठेवला गेला. वरील हप्ता या मानधनाच्या पंचमांशाहून अधिक होतो. आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी हप्ते वर्षाला बाराच असतात. महाराष्ट्रात शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ मध्ये वाढले, तेव्हा ते माध्यमिक स्तरावर ८,००० वरून १८,००० झाले. शिवाय पदवी हाती आली म्हणजे नेमणूक झाली, असेही नाही. पात्रता परीक्षेची पायरी पुढे असतेच. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी. एड. ही प्राथमिक शिक्षकाची अर्हता नव्हे असा निर्णय दिला. तेव्हा लहान मुलांना शिकविण्याची ज्याला आवड आहे, त्याने वाट निवडण्यापूर्वीच हे जाणून घ्यावे.

असा हिशोब करणे म्हणजे विद्येचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘रघुवंशा’तील कौत्साची कथा आठवावी. वरतंतू ऋषींनी शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. परंतु कौत्साने हट्ट धरला, तेव्हा चौदा विद्यांचे चौदा कोटी द्यावेत असे त्यांनी रागाने सांगितले. कौत्स रघुराजाकडे गेला. यज्ञात सर्वस्व दिल्याने राजापाशी मातीचे पात्र तेवढे उरले होते. तरीही याचक रिक्तहस्ते जाऊ नये म्हणून कुबेरावर चालून जाण्यास तो सिद्ध झाला. अखेर कोशागारात सुवर्णवृष्टी झाली आणि राजाने ते सारे धन कौत्सापुढे ठेवले. त्याने मात्र मोजून चौदा कोटी घेतले, अधिक एकही नाणे घेतले नाही. या कथेत मोजणारा शिष्य हलका ठरलेला नाही. आणि विद्यार्थ्याचे ऋण हे त्याचे एकट्याचे, असे राजानेही म्हटले नाही.

आपल्या बडोद्याला हे वेगळे सांगावे लागू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानभर नेले. १९१३ मध्ये त्यांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांसाठी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्यावर अट होती ती परत येऊन दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची. करार चोख होता. ऋणको आपल्या शब्दास जागून १९१७ मध्ये बडोद्यास आलाही. परंतु या नगरीत त्यांना राहावयास घर मिळाले नाही! अस्पृश्यतेपायी त्यांना शहर सोडावे लागले. कमाटीबागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्या घोर अन्यायाची तुलना आजच्या बी. एड. पदवीधराच्या अडचणींशी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसे करणे अनुचित होईल. परंतु त्या प्रसंगातून ऋणाविषयीचे एक सत्य दिसते, ते असे की ऋण एकट्या घेणाऱ्याला बांधत नाही. ज्या समाजाने शिक्षणासाठी ऋण दिले, त्याने फेडीची जागाही खुली ठेवली पाहिजे. राजाने पैसा दिला, पण नगराने दार उघडले नाही. आणि मग करारभंगाचा दोष कोणी कोणाला द्यावा? आजही शिक्षक हवेत असे म्हणावयाचे, प्रशिक्षणासाठी कर्ज काढावयास लावावयाचे, आणि नेमणुकीच्या वेळी अकरा महिन्यांचा कागद पुढे करावयाचा, यात समाजाने आपली बाजू पाळली असे म्हणता येईल काय? गुजरातेतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत मासिक ३०,००० रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी प्राध्यापकांचे प्रकरण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने हेच बोट ठेवले. गुरूला ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणणारा श्लोक समारंभात म्हणावयाचा आणि वेतनात मात्र ती भावना दाखवावयाची नाही, हे बरोबर नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. तो श्लोक आपण देवळात प्रत्येक गुरुपौर्णिमेस म्हणतो. म्हणून हा बोल आपल्यालाही लागू आहे.

मग घरातील निर्णय कसा करावा? प्रथम विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे की शिकविण्याची ओढ खरी आहे, की दुसरे काही सुचत नाही म्हणून ही वाट. ओढ खरी असल्यास कमी शुल्काच्या सरकारी व अनुदानित संस्थेत प्रयत्न आधी करावा. तेथे जागा न मिळाल्यास एक वर्ष थांबण्यात कमीपणा मानू नये. कर्ज काढणे भागच पडले, तर कायम नेमणुकीची आशा धरून नव्हे, पहिल्या कराराच्या मानधनातून हप्ता निघेल एवढेच काढावे. मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली जावी. तिच्या नावाचे कर्ज विवाहानंतर कोणी फेडावयाचे, तिला नोकरी करू दिली जाईल की नाही, हे न ठरविता ‘बी. एड. असली की स्थळ चांगले मिळते’ म्हणून तिच्या माथी कर्ज मारणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि उरलेला भाग आपणा सर्वांचा. होतकरू शिक्षकाच्या एका वर्षाच्या शुल्काचा भार देवस्थानाने अथवा चार सभासदांनी मिळून उचलावा, आणि त्याने त्याच्या बदल्यात आपल्या वस्तीतील मुलांना आठवड्यातून काही तास शिकवावे, असा सरळ व्यवहार करता येण्यासारखा आहे. त्यात दान घेण्याचा संकोच नाही आणि व्याजही नाही. ऋषिऋण फेडू इच्छिणाऱ्या तरुणाचे बँकेचे ऋण थोडे हलके करणे, हेही आपल्या स्वतःच्या ऋषिऋणाची फेडच होय, असे आम्ही मानतो.