अँटीव्हायरसचं बिल कोण भरतं?

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार बिल करता करता विचारतो, "अँटीव्हायरस टाकून देऊ ना?" पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, वर्षानुवर्षं हा प्रश्न चुकलेला नाही. गिऱ्हाइकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "टाका, पुढे कटकट नको." दुसरा म्हणतो, "राहू दे, नेटवर फुकट मिळतो." हे भांडण वरवरचं आहे, कारण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: पैसे मोजले की संरक्षण जास्त, फुकट घेतलं की कमी. पहिल्याला ते जास्तीचं हवं असतं आणि दुसऱ्याला कमीत भागेल असं वाटत असतं. मला हे गृहीतकच डळमळीत वाटतं. किंमत आणि संरक्षण यांचं नातं पूर्वी होतं तेवढं आता उरलेलं नाही.

अँटीव्हायरसला आपण किती अधिकार देतो, हे एकदा नीट पाहायला हवं. तुम्ही फाइल उघडली की तुमच्याआधी तो ती तपासतो. धोकादायक साइट अडवायची तर तुम्ही कुठल्या साइटवर निघालात हे त्याला कळावं लागतं. विंडोजच्या गाभ्यात, जिथे बहुतेक सॉफ्टवेअरना प्रवेश नसतो, तिथे त्याला जागा द्यावी लागते. शिवाय दिवसातून कितीतरी वेळा तो आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरून नवी माहिती परस्पर उतरवून घेतो. हेच अधिकार एखाद्या व्हायरसने मिळवले असते तर आपण त्याला अत्यंत घातक म्हटलं असतं. म्हणून तो किती व्हायरस पकडतो याच्या आधी, तो बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अव्हास्टची गोष्ट यासाठी मुळापासून पाहण्यासारखी आहे. 1988 मध्ये प्रागमधल्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पावेल बाउदिश यांच्या हाती 'व्हिएन्ना' नावाचा व्हायरस लागला. तो काढून टाकणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि एदुआर्द कुचेरा या सहकाऱ्याबरोबर त्यातूनच पुढे कंपनी उभी राहिली. 2001 मध्ये त्यांनी घरगुती वापरासाठी अव्हास्ट मोफत करून टाकला. धंदा म्हणून ही चाल हुशारीची होती. कोट्यवधी लोकांनी तो उतरवून घेतला, त्यातले थोडे पैसे भरून वरची आवृत्ती घेत, आणि बाकीच्यांच्या संगणकांवर सापडलेल्या नव्या व्हायरसांचे नमुने कंपनीला आयते मिळत. यात कुणाचं नुकसान नव्हतं. भारतातही घरोघरी तो नारिंगी गोळा दिसू लागला.

पुढे अव्हास्टने जंपशॉट नावाची उपकंपनी चालवली. 2014 पासून तिच्यामार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती शंभरहून अधिक कंपन्यांना विकली गेली. जानेवारी 2020 मध्ये 'मदरबोर्ड' आणि 'पीसीमॅग' या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनांनी हे उघड केलं. माहितीतून नावं काढून टाकली आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण प्रत्येक नोंदीत यंत्राचा एक कायमचा ओळखक्रमांक होता आणि क्लिक कधी झालं याची सेकंदाच्या अंशापर्यंतची वेळ होती. समजा, एखाद्याने रात्री एका ऑनलाइन दुकानातून औषध मागवलं. त्या क्षणाला कुणाची ऑर्डर आली हे दुकानाला माहीतच असतं. दुकानाने ती नोंद आणि जंपशॉटची नोंद शेजारी ठेवली, की त्या ओळखक्रमांकाला नाव मिळालं, आणि त्याच क्रमांकाची बाकीची सगळी भटकंतीही त्या नावावर जमा झाली. कुणी कुठला आजार शोधला, कुणी कुठे नोकरीचा अर्ज केला, सगळं. गंमत अशी, की हेच सॉफ्टवेअर 'तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही रोखतो' अशी जाहिरात करत होतं. जंपशॉट लगेच बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातदारांना विकायला बंदी केली.

इथे कुणी म्हणेल, बघा, फुकटात काही खरं नसतं. पैसे मोजावेत आणि निवांत व्हावं. मलाही हे पटलं असतं. पण 2021 मध्ये नॉर्टनने, म्हणजे पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या सगळ्यात जुन्या नावांपैकी एकाने, आपल्या पॅकेजात इथेरियम हे आभासी चलन 'खणण्याची' सोय घातली. ती सुरू करायची की नाही हे गिऱ्हाइकाच्या हातात होतं हे खरं. पण सुरू केली तर संगणक त्याचा, विजेचं बिल त्याचं, आणि मिळकतीतले 15 टक्के कंपनीचे. वर्षाची वर्गणी आधीच भरलेली असताना! 2022 मध्ये तर नॉर्टन आणि अव्हास्ट एकाच मालकीखाली आले; फुकटवाल्यांचं दैवत आणि विकतवाल्यांचं दैवत आता एकाच गाभाऱ्यात बसतात. कॅस्परस्कीच्या अमेरिकी गिऱ्हाइकांचा अनुभव याहून विचित्र. तिथल्या सरकारने 2024 मध्ये या रशियन कंपनीवर बंदी घातली आणि सप्टेंबरमध्ये अनेकांनी संगणक उघडला तर कॅस्परस्की गायब होता, त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा कधी न ऐकलेला अँटीव्हायरस परस्पर येऊन बसला होता. पैसे भरलेले होते. विचारलं मात्र नव्हतं.

दर्जाचं म्हणाल, तर अव्हास्ट, अविरा, बिटडिफेंडर यांच्या मोफत आणि विकतच्या आवृत्त्यांत व्हायरस ओळखणारं इंजिन एकच असतं. पैसे भरल्यावर जे मिळतं ते बहुतेक आजूबाजूचं: व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारं कपाट, मुलांच्या वापरावर देखरेख, फोनवरून मदत. यातलं काही उपयोगी आहे, काही नुसतं शोभेचं.

या बाजाराचं गणित खऱ्या अर्थाने बदललं ते मायक्रोसॉफ्टमुळे. 2006 मध्ये त्यांनीही वनकेअर नावाचं उत्पादन वर्षाला सुमारे 50 डॉलरला विकून पाहिलं होतं. ते चाललं नाही. 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत आलं आणि 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजच्याच पोटात गेला. सुरुवातीला तो यथातथाच होता. त्या सुमारास जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेने सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं. 'डिफेंडर काही कामाचा नाही' हे वाक्य तेव्हा खरं होतं, आणि दुकानदारांच्या तोंडी ते अजून तसंच आहे. त्याच प्रयोगशाळेत तो आता वर्षानुवर्षं पैकीच्या पैकी गुण घेतोय. त्याचं पोट कशावर चालतं, याचंही उत्तर सरळ आहे: विंडोज बदनाम झालं तर मायक्रोसॉफ्टचा धंदा बुडतो. मायक्रोसॉफ्ट काही संत नाही, आपली भरपूर माहिती तीही गोळा करते. पण डिफेंडर न वापरल्याने त्यातलं फारसं काही टळत नाही, आणि दुसरा अँटीव्हायरस घातला तर बघणाऱ्यांत एकाची भर तेवढी पडते. शिवाय डिफेंडर फुकट नाही. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे असतात आणि त्यात त्याचे आले. दुकानातला हजार रुपयांचा डबा म्हणजे आधीच घेतलेली वस्तू बाजूला सारून तीच पुन्हा विकत घेणं. अक्षरशः, कारण दुसरा अँटीव्हायरस बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो.

अर्थात, हे विंडोज विकत घेतलं असेल तर. आपल्याकडे निम्मी गोम तिथे आहे. 'विंडोज मारून देणारा' कोपऱ्यावरचा माणूस ते क्रॅक वापरून चालू करतो, आणि क्रॅक चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. मग त्याच यंत्रावर तो तीन यूजरचा विकतचा अँटीव्हायरस टाकतो, वर पावतीही देतो. चोरवाट स्वतःच्या हाताने पाडून दाराला महाग कुलूप घालणं, असा हा प्रकार आहे.

या चोरवाटेतून काय येतं ते एकदा जवळून पाहावं. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाचं एक रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं, कुटुंब मुख्यतः क्रॅक आणि परवान्याच्या बनावट चाव्या काढून देणारे कीजेन यांमधून पसरलं. फोटोशॉप किंवा एखादा गेम फुकट चालू करायला म्हणून फाइल उघडायची, ती काही काळ स्वस्थ बसल्यासारखी वाटते. तोवर फोटो, टॅलीचा डेटा, वर्डच्या फाइली एकेक करून कुलूपबंद होत जातात आणि प्रत्येकीच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागतं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल पडलेली असते. काळजी करू नका, तुमच्या फाइली परत मिळतील, असा तिचा सूर. किंमत 980 डॉलर. 72 तासांत संपर्क साधलात तर 50 टक्के सूट, म्हणजे 490. खात्री पटावी म्हणून एक फाइल मोफत उघडून देण्याची तयारीही. दिवाळी सेलच्या जाहिरातीची सगळी अंगं तिच्यात आहेत. यात अँटीव्हायरस फुकटचा होता की विकतचा, याला काही अर्थ उरत नाही, कारण मालकानेच तो बंद केलेला असतो.

मग विकतचं कधीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही, आणि त्यासाठी पुण्याच्या क्विक हीलकडे पाहावं. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे संगणक दुरुस्तीचं दुकान सुरू झालं, आणि दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. ते व्हायरस साफ करणारे प्रोग्रॅम संजय यांनी लिहिले, आणि नव्वदच्या दशकात त्याचंच उत्पादन झालं. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी बिघडलेलं यंत्र नीट करून देणारा माणूस होता, सॉफ्टवेअर मागाहून आलं. नव्वदच्या दशकात इंटरनेट जवळपास नव्हतंच, परदेशी अँटीव्हायरसची अद्ययावत फ्लॉपी मिळायची मारामार, तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते अडचणीला धावून येणाऱ्या माणसासाठी. ती गरज आजही खरी आहे, आणि पैसे देण्याचं माझ्या मते ते एकमेव सबळ कारण आहे.

घरी ही गरज क्वचित पडते. चालू स्थितीतलं विंडोज, त्यातला डिफेंडर, वेळच्या वेळी अपडेट, एवढ्यावर साध्या घराचं भागतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टची त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती, आणि ती मोफत होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. विंडोज 10 ला अशा मोफत दुरुस्त्या मिळणं 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं. वर्षभराची वाढीव मुदत घेता येत होती, पण ती तेवढ्यापुरतीच. अशा जुन्या यंत्रावर महागातला अँटीव्हायरस टाकून समाधान मानणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आणि अलीकडे मराठी घरांत पैसे जातात ते बहुधा संगणकातून जातच नाहीत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, एसएमएस वाचायची परवानगी स्वतःच देतो, आणि ओटीपी परस्पर पलीकडे जातात. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'मध्ये तर सॉफ्टवेअरचा संबंधच नाही, तिथे भीती विकली जाते. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा 1930 हा क्रमांक घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असणं हे कुठल्याही वर्गणीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

ऑफिसची गोष्ट वेगळी. सीएचं ऑफिस, पतसंस्था, दवाखाना, इथे दुसऱ्यांची माहिती असते आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात ती नीट न सांभाळल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरगुती मोफत अँटीव्हायरसच्या परवान्यात तो धंद्यासाठी वापरू नये असं बहुधा लिहिलेलंच असतं, ते कुणी वाचत नाही. इथे पैसे जरूर मोजावेत. पण पैशाने अभय मिळत नाही हेही धरून चालावं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं पाडलं, तेव्हा त्याच समूहाच्या ताब्यातलं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनलही अडकलं. सुरक्षेवर खर्च करायला मर्स्कला पैसे कमी नव्हते. हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. 19 जुलै 2024 ला तर हल्ला न होताच क्राउडस्ट्राइक या महागड्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरचे 85 लाख संगणक निळे पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले.

म्हणून ऑफिसने एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, करताना ब्रँडवर घासाघीस करण्याऐवजी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. बंद पडलं तर किती तासांत कोण येणार, आणि बॅकअप परत उतरवून शेवटचा कधी पाहिला. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर नसतं. बॅकअप रोज घेतला जातो, इमानेइतबारे घेतला जातो, पण टॅलीचा तो पेनड्राइव्ह सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच संगणकाला लावलेला असतो, आणि रॅन्समवेअरच्या लेखी ती फक्त आणखी एक ड्राइव्ह असते.